कर्जाचा आकडा आणि मनाची उभारी

(रब्बी हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सकाळपासून आपण हरभऱ्याचे वाण, बीजप्रक्रिया आणि पाणी व्यवस्थापन हे विषय ऐकले. आता कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय आहे, 'आर्थिक अडचणीत मन प्रसन्न कसे ठेवावे'. तो वाचून मागच्या रांगेतील काही बांधव एकमेकांकडे पाहून हसले. हसण्यासारखेच आहे म्हणा! ज्याच्या सोयाबीनला शेंगा भरल्या आणि काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, त्याला "प्रसन्न राहा" असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तसला उपदेश मी करणार नाही. मी गृहविज्ञानाची. विस्तार कार्याच्या निमित्ताने माझे जाणे-येणे शेताच्या बांधापेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात अधिक असते. तिथे जे पाहिले आणि त्यातून जे समजले, तेवढेच आज बोलणार आहे.

ओढाताणीत असलेल्या घरात एक गोष्ट हमखास आढळते. घर एक असते, पण कर्जाचे आकडे तीन असतात. घरधन्याला सगळा आकडा ठाऊक असतो, निदान त्याला तसे वाटते. घरधनिणीला सोसायटीचे कर्ज आणि आपली गहाण पडलेली पोत एवढेच माहीत असते. म्हाताऱ्या वडिलांना बँकेची नोटीस तेवढी माहीत असते, कारण पोस्टमनने ती त्यांच्याच हातात दिलेली असते. आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला काहीच माहीत नसते, म्हणून तो दिवाळीला मोटारसायकल मागतो. बाप त्याच्यावर खेकसतो. मुलाला वाटते, बाप बदलला. बायकोला वाटते, यांचे माझ्याशी काही बिनसले. प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प असतो आणि त्या गप्प राहण्यानेच सगळ्यांना त्रास होतो. पिकाचे नुकसान एकदाच होते, पण असा अबोला वर्षभर घर पोखरत राहतो.

पैशाची चिंता माणसाच्या डोक्याचे काय करते, यावर तमिळनाडूत एक अभ्यास झाला आहे. तो २०१३ साली 'सायन्स' या नामांकित शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्यासारखेच ऊस पिकवणारे ५४ गावांतील ४६४ शेतकरी त्यात होते. उसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात, हे आपल्या ऊस उत्पादकांना वेगळे सांगायला नको. तोडणीपूर्वी हात अगदी आखडलेला असतो आणि पैसे मिळाल्यावर थोडा मोकळा होतो. शास्त्रज्ञांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर बुद्धीला ताण देणारे सारखेच प्रश्न घातले. माणूस तोच, तरी पैशाच्या टंचाईच्या दिवसांत त्याची उत्तरे अधिक चुकली आणि उत्तर द्यायला वेळही जास्त लागला.

यावरून माणूस टंचाईत निर्बुद्ध होतो, असा अर्थ कृपया काढू नका. त्याची बुद्धी जागेवरच असते, पण ती गुंतून पडलेली असते. एका बैलाला दोन मोटा ओढायला लावाव्यात, तसे होते. समोर कोणी बोलत असले तरी डोक्यात मार्चचा हप्ता फिरत असतो. म्हणून माणूस फवारणीचे प्रमाण विसरतो, विम्याची तारीख चुकवतो, किल्ली शोधत बसतो आणि पोराला विनाकारण चापट मारतो. मग रात्री अंथरुणावर स्वतःलाच दोष देत राहतो, की आपल्याकडून काहीच धड होत नाही. तुम्हाला हल्ली असे होत असेल, तर तुमच्यात काही खोट आली असे समजू नका. डोक्यावर ओझे आहे, एवढेच समजा. ओझे एकदम फेकून देता येत नसले, तरी डोक्यावरून खाली उतरवून ठेवता येते. ते कसे, हे सांगते.

कागदावर दोन रकाने

एक मोठा कागद घ्या. मुलाच्या वहीतला चालेल. त्यावर ज्याचे-ज्याचे देणे आहे, त्याचे नाव लिहा, रक्कम लिहा आणि त्यापुढे दोन रकाने पाडा. पहिल्या रकान्यात वर्षाचे व्याज लिहा. दुसऱ्या रकान्याला मी 'लाज' म्हणते. त्या माणसासमोर जाताना मान किती खाली जाते, ते तिथे लिहायचे. लिहायला विचित्र वाटेल, पण लिहा.

समजा, चार एकर कोरडवाहू जमिनीचे एक कुटुंब आहे. सोसायटीचे पीक कर्ज ९० हजार, कृषी सेवा केंद्राची उधारी ३५ हजार, गावातल्या सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने घेतलेले ५० हजार, दागिने ठेवून काढलेले ६० हजार आणि मेहुण्याकडून हातउसने घेतलेले २० हजार. बेरीज २ लाख ५५ हजार. आता व्याज मांडू. पीक कर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडले तर केंद्राची ३ टक्क्यांची सवलत मिळून ४ टक्के पडते. राज्याची सवलत लागू झाली तर त्याहून कमी. ४ टक्के धरले तर ३,६०० रुपये. दागिन्यांवरचे १० टक्के धरले तर ६ हजार. दुकानदार व्याज सांगत नाही, पण रोखीचा भाव आणि उधारीचा भाव विचारून पाहा. शंभराला दहा रुपये जास्त लावले आणि सहा महिन्यांनी पैसे दिले, तर ते वर्षाला २० टक्के झाले. तिथे तीन हजारांच्या आसपास गेले. मेहुण्याचे व्याज शून्य. आणि सावकाराचे? शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के, म्हणजे १८ हजार रुपये.

एकूण व्याज ३० हजारांच्या थोडे वर गेले. त्यातले १८ हजार एकट्या सावकाराचे. एकूण कर्जाचा पाचवा हिस्साही नसलेले ते ५० हजार निम्म्याहून अधिक व्याज खाऊन जातात. मात्र याच कुटुंबाला झोप कशामुळे लागत नाही असे विचारा. ते सांगतील, बँकेची नोटीस आली तर गावात काय तोंड दाखवू? आणि मेहुण्याच्या घरी लग्न आहे, तिथे कोणत्या तोंडाने जाऊ? सावकाराबद्दल मात्र म्हणतात, "माणूस चांगला आहे हो, रात्री-अपरात्री देतो, कागद मागत नाही."

म्हणजे ज्याची लाज सर्वांत जास्त, त्याचे व्याज सर्वांत कमी. आणि जो खरोखर घर धुऊन नेतो आहे, त्याच्यापुढे आपण निर्धास्त. डोक्यात हे सगळे एकत्र कालवलेले असते तोवर हे दिसत नाही. दोन रकान्यांत मांडले की दिसते. अनेक घरांत हा कागद मांडून झाल्यावर मी पाहिले आहे, की कर्ज एका रुपयानेही कमी झालेले नसते, तरी माणसे पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात. अंधारात सळसळ ऐकू आली की दहा साप वाटतात. कंदील नेला की साप एकच असल्याचे कळते आणि काठी कुठे मारायची तेही कळते.

पहिल्या रकान्याचे उपाय व्यवहाराचे आहेत. सर्वांत महागडे कर्ज आधी. घरात पडून असलेली एखादी वस्तू विकून, बचत गटाचे स्वस्त कर्ज काढून, जमेल तसे ते उतरवा. सावकारीबाबत कायदा काय सांगतो, तेही माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणी कर्जावर १२ टक्के, इतकेच व्याज घेता येते. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. ३६ टक्के या हिशोबात कुठेच बसत नाहीत. सावकारीपोटी कोणी जमीन लिहून घेतली असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज करा. चिठ्ठ्या, पावत्या, खात्यावरच्या नोंदी, जे असेल ते जपून ठेवा. बँकेच्या बाबतीत एकच सांगणे आहे. नोटीस येण्यापूर्वी शाखेत जा. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या भागात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पीक कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते, म्हणजे हप्ते पाडून मुदत वाढवून मिळते. पण साहेबाला टाळत फिरणाऱ्याला ते घरपोच मिळत नाही.

दुसऱ्या रकान्याला औषध एकच, जाऊन बोलणे. मेहुण्याच्या घरी लग्नाला जरूर जा. आहेर नको, पण दोन दिवस आधी जा, मांडवाला हात लावा आणि बाजूला घेऊन सांगा, "तुमचे पैसे माझ्या ध्यानात आहेत. यंदा जमत नाही, तुरीचे आले की पाच हजार आणून देतो." नात्यातला माणूस पैशापेक्षा अबोल्याने अधिक दुखावतो. आणि पाच म्हटले तर पाच द्या. दहा सांगून शून्य देऊ नका.

घरात कसे सांगावे

आता अवघड भाग. हा कागद घरात सर्वांसमोर ठेवायचा. पुरुष मंडळी मला म्हणतात, "ताई, बायकांना कशाला काळजीत पाडायचे?" अहो, तिला काळजी आहेच. किराण्याच्या डब्यात किती उरले, हे तिला तुमच्याआधी कळते. तिला आकडा तेवढा माहीत नाही, म्हणून तिची काळजी आकड्याहून मोठी आहे. शिवाय घरखर्चाच्या वाटा तिच्या हातात असतात. तिला न सांगता घराची घडी बसवायची, म्हणजे एका चाकाने गाडी हाकायची.

भगिनींनाही एक विनंती. कागद समोर आल्यावर "मी तेव्हाच सांगत होते" हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका. ते खरे असेल, तरी गिळा. तो माणूस महिनोन्महिने ते ओझे एकटा वाहत होता आणि आज त्याने तोंड उघडले आहे. ते पुन्हा मिटू देऊ नका.

वेळ जेवणाची निवडू नका. घास अडकतो. संध्याकाळी, दिवाबत्ती झाल्यावर, घरात बाहेरचे कोणी नसताना बसा. दहावी-बारावीच्या मुलांना आकड्यासकट सांगावे, असे माझे मत आहे. काही जणांना ते पटत नाही, पण मी पाहिलेली मुले हे ऐकून कोसळली नाहीत, उलट शहाणी झाली. मोटारसायकलीचा विषय त्यांनीच मिटवला. लहान लेकरांना आकडा नको. "यंदा पैसे कमी आहेत, पण आपण सगळे मिळून निभावणार आहोत," एवढे पुरे. त्यांना भीती पैशांची नसते, आई-बापांच्या भांडणाची असते.

आपल्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाटील असो की मजूर, खडी फोडायला एका रांगेत बसला. सुकडी वाटून खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी गिळल्या. त्या काळाचे कौतुक करावे असे त्यात काही नाही, हाल फार झाले. पण त्या पिढीची माणसे मला सांगतात, की कामावर थट्टामस्करी चाले, ओव्या चालत, लग्नेही जुळत. कारण अडचण उघड्यावर होती. कोणाला कोणापासून काही लपवायचे नव्हते. आजची अडचण दार लावून घेतलेल्या घरातली आहे. शेजाऱ्याचा माल चढ्या भावात गेला, आपला उतरत्या भावात गेला. त्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, आपल्या दारात नाही. त्याच्या ट्रॅक्टरचे चार हप्ते थकले आहेत हे आपल्याला दिसत नाही आणि आपली पोत गहाण आहे हे त्याला दिसत नाही. दोघेही एकमेकांकडे पाहून झुरतात! गावात विश्वासाची पाच माणसे पारावर बसून खरे बोलू लागली, तर निम्मी घरे हलकी होतील, असे मला वाटते.

काटकसरीबद्दल थोडे. काटकसर म्हणजे घरातला उजेड घालवणे नव्हे. लेकरांचे दूध, शाळेची फी, आजारी माणसाचे औषध आणि पीक विम्याचा हप्ता, याला हात लावू नका. सण करा. घरच्या हरभऱ्याच्या डाळीची पुरणपोळी होते, त्याला कर्ज लागत नाही. पोळ्याला बैल रंगवायला किती पैसे लागतात? भजनाला जा, हरिपाठाला बसा, तिथे दोन तास कोणी हप्ता विचारत नाही. मात्र लग्नात कर्ज काढून गावजेवण घालणे, वाजंत्री आणि फटाके, यावर मी कितीही गोड बोलायचे ठरवले तरी बोलू शकत नाही. अनेक घरांच्या कागदावर मी पिकापेक्षा मांडवाचे कर्ज मोठे पाहिले आहे. दोन घरांनी ठरवले तर ते टळते, त्याला ना पाऊस लागतो ना हमीभाव.

अडचणीच्या वर्षात नव्या मोठ्या धंद्यात उडी घेऊ नका. डोके गुंतलेले असते तेव्हाच 'सहा महिन्यांत दुप्पट' असे सांगणारे दारात येतात, आणि हल्ली तर मोबाईलवर जुगार खेळवणारे खिशातच येऊन बसले आहेत. मोठा निर्णय एकट्याने आणि रात्री घेऊ नये, एवढा नियम पाळा. लहान कामे मात्र जरूर हाती घ्या. परसात वाफा करून मेथी, पालक, कोथिंबीर पेरा. चार कोंबड्या पाळा. शेताचे पैसे सहा महिन्यांनी येणार आणि तेही पावसाच्या मर्जीने, पण मेथीची जुडी महिनाभरात हातात येते. आठवडी बाजारातून परतताना कनवटीला आलेले दोन-तीनशे रुपये कर्ज फेडत नाहीत, हे मलाही कळते. पण आपल्या हाताने केलेले एक काम तडीस गेले, हे मनाला दिसावे लागते. वर्षभर ते दिसलेच नाही, तर मन हात-पाय गाळते.

आणि दारू. ती घेतल्यावर झोप लागते असे सांगतात. लागते, पण पहाटे दोनला जाग येते आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. ज्याला झोप हवी आहे, त्याने संध्याकाळी अंग मोडून काम करावे, हलके जेवावे आणि हप्त्याचा हिशोब दिवेलागणीनंतर करू नये. हिशोबाला आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजारचा दिवस बरा. इतर दिवशी चिंता आली की तिला सांगा, बाजारच्या दिवशी ये. हसू नका, याने खरोखर फरक पडतो.

शेवटी एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलते, कारण आडून बोलण्याने माणसे हातची जातात. एखादा माणूस आठ-पंधरा दिवस नीट झोपत नाही, जेवण टाकतो, जनावरांकडेही पाहत नाही, कोणात मिसळत नाही, "माझ्या मागे तुमचे कसे होईल" असे बोलू लागतो किंवा अचानक निरवानिरवीच्या गोष्टी करतो, तर त्याला उपदेश करू नका आणि एकटेही सोडू नका. सरळ विचारा, "जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?" विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातली कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. कोणत्याही वेळी लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जसा ताप डॉक्टरला दाखवतो, तसेच हे आहे. औषधाने आणि बोलण्याने माणूस बरा होतो, शेतावर परत जातो. मी अशी माणसे पाहिली आहेत, त्यातली काही आज या मांडवातही बसली आहेत.

दोन रकान्यांच्या कागदाचा छापील नमुना गृहविज्ञानाच्या दालनात ठेवला आहे, विनामूल्य आहे, घेऊन जावा. ज्यांना व्याज काढता येत नाही त्यांनी आपली पासबुके आणि चिठ्ठ्या आणल्या असतील, तर जेवणाच्या सुट्टीनंतर मी तिथेच बसलेली आहे. नाव लिहून घेतले जाणार नाही. शक्य असेल तर दोघे मिळून या.